शेंडे फेकू नका, बुडखे काढा

पत्र: घरी २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १५ इंच उंच माशांची टाकी आहे, आत पाण्यातली झाडं लावलीत. खाली खानापूरकडची लाल माती, वर बारीक वाळू. मागं अंबुलिया आणि हायग्रोफिला, मधे रोटाला, एका कोपऱ्यात कॅबोम्बा, पुढं बकोपा. मासे म्हणजे गप्पी वीसेक, टेट्रा आठ. एलईडी रोज दहा तास, सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वायू) नाही, पाणी बोअरचं. पाच महिन्यांत झाडं वर येऊन पाण्यावर आडवी पसरली आणि खाली नुसत्या काड्या राहिल्या. गेल्या रविवारी सगळी एकदम निम्म्यावर कापली. तेव्हापासून उरलेल्या काड्या काळवंडल्यात, काही बुळबुळीत झाल्यात. वाळूवर केसांसारखं शेवाळ आलंय, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. कापलेले शेंडे बादलीत आहेत, अजून हिरवे आहेत. ते विहिरीत सोडू का वेदगंगेत? आणि पुढच्या वेळी कसं आणि कितपत कापायचं, सविस्तर सांगा.
— एक वाचक, निपाणी

उत्तर: विहिरीत नको आणि नदीतही नको. आधी ती बादली खिडकीशी उजेडात ठेवा, कारण तुमच्या टाकीतला सगळ्यात चांगला माल त्या बादलीत आहे. टाकीत राहिलेत ते बुडखे. ठेवायचं ते बाहेर गेलं आणि काढायचं ते आत राहिलं, एवढीच गडबड झाली आहे. शेंडे हिरवे आहेत तोवर ती दुरुस्त होते.

तुमची ही सगळी झाडं स्टेम प्लांट आहेत. स्टेम प्लांट म्हणजे काडीवर पेरापेरानं पानं येणारं झाड; पेर म्हणजे पानं फुटतात ती गाठ, दोन पेरांमधली ती कांडी. त्याच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि पेरांवरच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा उडवला की तो दाब जातो आणि कापाच्या लगत खालच्या पेराचे डोळे फुटतात. एका काडीच्या दोन होतात, कधी तीन. निपाणीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तंबाखूचा शेंडा खुडला की बगलफूट येते आणि शेतकरी ती काढत बसतो. आपल्याला टाकीत तीच हवी असते. पण डोळा फुटायला अन्न लागतं आणि ते त्याच काडीवरच्या हिरव्या पानांकडून येतं. तुमची झाडं पाण्यावर आडवी पसरली तेव्हा वरच्या दाटीनं खालचा उजेड अडवला. उजेड नाही म्हटल्यावर झाडानं खालच्या पानांतलं नायट्रोजन आणि पोटॅश काढून शेंड्याकडं पाठवलं आणि पानं टाकून दिली. त्यानंतर निम्म्यावर कात्री चालवली म्हणजे एकही पान नसलेली काडी शिल्लक राहिली. अशी काडी फुटलीच तर फार उशिरा फुटते. बहुतेक वेळा ती कुजते.

मासे तोंड उघडतात तेही यातलंच. कुजणाऱ्या काड्या पाण्यातला ऑक्सिजन खातात. दिवसा ऑक्सिजन देणारा पाला तुम्ही काढून घेतला, आणि रात्री तर झाडंसुद्धा ऑक्सिजन घेतातच. म्हणून पहाट सगळ्यात वाईट. औषध टाकू नका. फिल्टरचं तोंड वर करून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा, एअर पंप असेल तर रात्रभर चालू ठेवा, आजच पाणी बदला. तुमच्या टाकीत माप घेतलं तर ७० लिटर मावतं, पण माती-वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ५५ लिटरच्या आसपास असणार. त्यातलं २० ते २२ लिटर, म्हणजे दीड बादली, आज काढा आणि तितकंच दोन दिवसांनी पुन्हा. दोन-तीन तास लाईट जाणारच, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असलेला बरा.

आता बुडखे. एकेका काडीला दोन बोटांत हलकं दाबून बघा. पिचली, बुळबुळली तर ती गेली. टणक असेल आणि पेरावर हिरवा टिपका फुगलेला दिसत असेल तर दहा-बारा दिवस वाट बघा. मेलेली काडी मात्र उपटू नका. तुमच्या टाकीत खाली लाल माती आहे. पाच महिन्यांच्या झाडाची मुळं वाळूतून मातीत शिरलेली असतात. जोरात ओढलं की मातीचा गड्डा वर येतो, पाणी चहासारखं होतं, मातीत साठलेला अमोनिया पाण्यात मिसळतो आणि आधीच दमलेल्या माशांवर तो घाव बसतो. वर आलेली माती पुन्हा वाळूखाली जात नाही, ती वरच राहते आणि शेवाळाला खत होते. म्हणून मेलेली काडी वाळूलगत कात्रीनं कापा आणि मुळं आत राहू द्या. थोडी मुळं आत कुजली तर काही बिघडत नाही. एखादी उपटायचीच असेल तर दोन बोटांनी काडीभोवतीची वाळू खाली दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं काडी तिरकी, सावकाश ओढा. एका दिवसात आठ-दहापेक्षा जास्त नको. वाळूचा थर कुठं उघडा पडला तर लगेच मूठभर धुतलेली वाळू घालून ३-४ सेंमीचा करून घ्या.

बादलीतले शेंडे लावताना प्रत्येकाची लांबी १० ते १२ सेंमी ठेवा. काप पेराच्या लगत खाली घ्या, कारण मुळं पेरातूनच येतात. पेराखाली राहिलेली लांब कांडी नुसती कुजते. खालच्या दोन पेरांवरची पानं काढा, पण देठाचे बारीक खुंट राहू द्या. वाळूत ते अडकतात आणि काडी वर तरंगत नाही. नवीन काड्या तरंगतात ही सगळ्यांचीच तक्रार असते. चिमट्याच्या टोकानं काडीचं बूड धरा, तिरकं ५ सेंमी आत घाला, मग एखाद सेंमी वर ओढा आणि चिमटा उलट्या तिरक्या दिशेनं काढून घ्या. सरळ घालून सरळ काढलात तर काडी चिमट्याबरोबर बाहेर येणार. लाल मातीपर्यंत पोचायची गरज नाही, मुळं आपली वाट शोधतात.

अंतरात कंजूषी करू नका. अंबुलियाचा एक तुरा चार सेंमी रुंद होतो, म्हणून एका जागी एकच काडी आणि मधे ४ सेंमी. २० बाय १२ सेंमीच्या तुकड्यात पंधरा काड्या पुष्कळ झाल्या. रोटालाच्या दोन-तीन काड्या एकत्र धरून २ सेंमीवर लावल्या तरी चालतात. हायग्रोफिलाचं पान रुंद असतं, त्याला ४-५ सेंमी द्या. बादलीतले सगळे शेंडे एकदम कोंबायचे नाहीत. तजेलदार तेवढे निवडा, उरलेल्यांचं काय करायचं ते पुढं येतंच.

हे लावून झालं की उजेड दहा तासांवरून सहावर आणा, तीन आठवडे तसाच ठेवा. केसाळ शेवाळ दिसतंय त्याचं कारण पाण्यात खत तेवढंच, उजेड तेवढाच आणि खाणारी झाडं मात्र निम्मी. शेवाळ जुन्या टूथब्रशला गुंडाळून ओढून काढा, माशांचं खाणं निम्मं करा, द्रवखत घालत असाल तर दोन आठवडे अर्ध्या मात्रेनं घाला. शेवाळाचं औषध घालू नका; अंबुलिया आणि कॅबोम्बासारखी नाजूक पानाची झाडं त्यानं आधी जातात, शेवाळ मागून.

आता पुढच्या वेळचं कापणं. वेळ झाडाच्या उंचीवरून ठरवा, कॅलेंडरवरून नाही. शेंडे पाण्याच्या पातळीखाली तीन-चार बोटं आले की कापायचं. पाण्यावर लोळेपर्यंत थांबलात की खालची पानं गेलीच समजा. उन्हाळ्यात अंबुलियाला दहा-बारा दिवसांत कात्री लागेल. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री पाणी २० अंशांच्या आसपास उतरू शकतं, तेव्हा तीच झाडं महिनाभर सुद्धा थांबतात. त्या दिवसांत उगाच कापत बसू नये.

कितपत कापायचं? टाकीतल्या एकूण पाल्याच्या एक तृतीयांशाहून जास्त एका वेळी नाही. टाकीचे मनातल्या मनात तीन भाग करा. या आठवड्यात डावा, पुढच्या आठवड्यात मधला, मग उजवा. बघायला थोडं वाकडंतिकडं दिसेल, चालवून घ्या. टाकीत कायम दोन भाग भरलेले राहिले तर शेवाळाला जागा मिळत नाही. एकाच दिवशी सगळी टाकी कापून सारखी करायचा मोह सगळ्यांना होतो. स्पर्धेसाठी टाक्या मांडणारे तसं करतातही, पण त्यांच्याकडं सीओटू असतो आणि कापल्यावर एका दिवसाआड पाणी बदलायची त्यांची तयारी असते. सीओटू नसलेल्या टाकीत तो हट्ट महागात पडतो.

काप कुठं घ्यायचा, ते नीट समजून घ्या. जमिनीत राहणाऱ्या काडीवर हिरव्या पानांची किमान तीन-चार पेरं शिल्लक हवीत. पेराच्या वर तीन-चार मिलिमीटर सोडून कापा. कांडीच्या मधोमध कापलंत तर पेराच्या वरचा तुकडा कुजतो आणि ती कूज खाली उतरते. तुमच्या टाकीत वाळूपासून वर पाणी फूटभराच्या आतच असेल, तेव्हा मागच्या झाडांचा पहिला काप वाळूपासून १० ते १२ सेंमीवर घ्या. पुढच्या ओळीचा त्याहून दोन-तीन सेंमी खाली, म्हणजे समोरून उतार दिसतो आणि मागच्या झाडांच्या पायथ्याशी उजेड पोचतो. दुसऱ्या खेपेला पहिल्या कापाच्या वर दोन-तीन सेंमीवर कापा, तिसऱ्या खेपेला त्याच्याही वर. पहिल्याच जागी पुन्हा कापलंत तर मधल्या काळात आलेले सगळे फुटवे उडतात आणि उरतो जुना खुंट. असे तीन, फार तर चार काप झाले की बूड जाड, काळपट, शेवाळलेलं होतं. मग त्या ओळीचे शेंडे कापून घ्यायचे, बुडखे वाळूलगत उडवायचे आणि त्याच जागी शेंडे लावायचे. एका वेळी एकच ओळ.

झाडागणिक यात फरक पडतो. अंबुलिया, म्हणजे लिम्नोफिला, कात्रीला सगळ्यात सोशिक; शेंडा उडवा, दोन-तीन फुटवे येतात. रोटाला तर कापून कापूनच दाट होते, तिला कुंपणासारखी गोल छाटली तरी चालते. हायग्रोफिला फुटते जोमानं, पण पानं रुंद असल्यानं शेजाऱ्याचा उजेड खाते. तिची एकाआड एक काडी कापा. बकोपा सावकाश वाढते, फुटवेही कमीच देते, म्हणून तिचा शेंडा कापून शेजारी लावणं जास्त फायद्याचं. कॅबोम्बा मात्र वेगळा. शेंडा कापलेला कॅबोम्बाचा बुडखा अशक्त फुटतो आणि सुयांसारखी पानं गाळून फिल्टर तुंबवतो. त्याला प्रत्येक वेळी शेंडेच लावायचे, बुडखा ठेवायचाच नाही. खरं सांगायचं तर सीओटूशिवाय, बोअरच्या जड पाण्यात कॅबोम्बा पाळण्यात फारसा अर्थ नाही. तो कोपरा अंबुलियाला द्या.

पुढं कधी व्हॅलिस्नेरिया किंवा ॲमेझॉन सोर्ड आणलंत तर यातलं काहीही त्यांना लावू नका. ती काडीची झाडं नव्हेत. त्यांचं पान मधे कापलं की टोक तपकिरी होऊन सडत जातं; जुनं पान बुडापासून अख्खं काढायचं. आणि बेळगाव-कोल्हापूरच्या दुकानातून नवीन आणलेल्या झाडाला पहिला महिना कात्री लावू नका. बरीच झाडं पाण्याबाहेर दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात गेल्यावर ती जुनी पानं टाकतात आणि वेगळ्या आकाराची, पातळ पानं काढतात. अशी पाण्यातली वाढ १०-१२ सेंमी झाली की पहिला काप त्या नव्या वाढीतच घ्या.

हत्यारात एकच बघायचं: धार. स्वयंपाकघरातली बोथट कात्री देठ चेपते आणि चेपलेला देठ कापाच्या दोन्ही बाजूंना कुजतो. टाकीसाठी २५ सेंमी लांबीची स्टीलची कात्री आणि तेवढाच लांब चिमटा मिळतो, तो घेतलात तर उत्तम. नाहीतर शिवणकामवाले धागा तोडायला वापरतात ती छोटी चिमटीची कात्री नवी घ्या, तिच्यावरचं तेल पुसून गरम पाण्यानं धुवा. १५ इंची टाकीत हात घालून तेवढ्यावर भागतं. अंबुलिया तर नखानंही नीट खुडता येतो. हाताला साबणाचा अंश नको.

कापायच्या दिवशी आधी फिल्टर, हीटर, दिवा, सगळ्यांचे प्लग काढा. एक तर हात पाण्यात असतात, दुसरं म्हणजे फिल्टर चालू राहिला की तुकडे स्पंजात जाऊन बसतात. मागची ओळ आधी, पुढची नंतर. तुकडे वर तरंगले की जाळीनं गोळा करा, वाळूवर पडलेली पानं पाइपनं ओढून घ्या आणि त्याच ओढण्यात पंधरा ते वीस लिटर पाणी बदलून टाका. कापलेल्या देठांतून रस पाण्यात उतरतो, तो बाहेर गेलेला बरा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडायला एक दिवस उघडं ठेवा. तुमच्या बोअरच्या पाण्याला ते नको, फक्त टाकीतल्या पाण्याइतकं कोमट आहे ना ते बघा. दुसऱ्या दिवशी फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या.

आठवड्याभरात फुटवे दिसले पाहिजेत. फुटवा आला पण बारीक, लांब लांब पेरांचा असेल तर खाली उजेड कमी पडतोय. तास वाढवू नका, शेजारची दाटी कमी करा. नवी पानं फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी आहे. बोअरच्या जड, आम्लारी पाण्यात हे नेहमीचंच, कारण तिथं लोह लवकर साक्यासारखं खाली बसतं. एकदम जास्त देण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा थोडं थोडं द्या. हायग्रोफिलाच्या जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडू लागली तर पोटॅश हवंय.

आता उरलेले शेंडे. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आणि लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा, म्हणजे तुमच्या मागच्या ओळीतली दोन्ही झाडं, मूळची आपल्याकडची, आशियातली. पण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत दोघांचीही नावं आहेत, कारण टाक्यांतून सुटून ती तिथल्या कालव्यांत माजली. कॅबोम्बाचं उलटं: तो अमेरिका खंडातला आणि केरळच्या पाणवठ्यांत पसरलाय. पंचगंगेतली जलपर्णी आपल्या भागात कुणी पाहिली नाही असं नाही, तीही दक्षिण अमेरिकेतून आलेली. यातल्या बहुतेक झाडांना पसरायला बी लागत नाही, एक पेर पुरतं. शिवाय टाकीतल्या गोगलगाईची अंडी पानामागं चिकटलेली असतात, ती वेगळीच. म्हणून नको असलेला पाला गच्चीवर किंवा पत्र्यावर दोन दिवस कडक उन्हात पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि कुंडीत किंवा परड्यातल्या खतात घाला. पावसाळ्यात वाळत नसेल तर थेट खड्ड्यात मातीआड करा, गटारात नको.

कुणाला द्यायचे असतील तर धुऊन, अंडी खरवडून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घाला आणि पिशवी फुगवून तोंड बांधा. पाणी भरू नका, नुसती ओल पुरते. सावलीत राहिली तर दोन दिवस काही होत नाही, तेवढ्यात बेळगावच काय, पुण्याचीही गाडी पोचते.